हायड्रोची मोटर एका उन्हाळ्यात तीनदा जळाली : स्टार-डेल्टा, सॉफ्ट स्टार्टर की व्हीएफडी?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल प्रोसेसिंग युनिटची ही केस आहे. नाव सांगत नाही, सांगायची गरज पण नाही, कारण अशी युनिटं त्या पट्ट्यात भरपूर आहेत. सूत रंगवायचं, टॉवेल धुवायचे, हायड्रोमध्ये पिळायचे, वाळवायचे, एवढं काम. मी पॅनल आणि ड्राइव्हची (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा स्पीड बदलणारं उपकरण, म्हणजेच व्हीएफडी) कामं करतो. मे महिन्यात मालकांचा फोन आला, "अहो, हायड्रोची मोटर परत गेली, सारखं जळायलंय बघा, आता तिसरी खेप. वायंडिंगवाला म्हणतोय सॉफ्ट स्टार्टर लावा, ड्राइव्हवाला म्हणतोय सगळ्या मोटरींना व्हेक्टर ड्राइव्ह लावा, तुम्ही येऊन एकदा बघून जा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हायड्रो म्हणजे हायड्रो एक्स्ट्रॅक्टर. तीन पायांवर टांगलेला मोठा भोकाभोकांचा ड्रम, त्यात ओला माल भरायचा, ड्रम जोरात फिरवायचा, पाणी भोकांतून बाहेर. घरच्या वॉशिंग मशीनचा ड्रायर, फक्त हत्तीएवढा. इथला ड्रम ४८ इंची, फिरतो साधारण ८०० आरपीएमला. मोटर १५ एचपी म्हणजे ११ किलोवॅट, ४ पोल, १४४० आरपीएम, मधे व्ही-बेल्ट. स्टार्टर स्टार-डेल्टा, म्हणजे आधी गुंडाळी स्टारमध्ये जोडून कमी व्होल्टेजवर मोटर उठवायची, मग डेल्टात टाकून पूर्ण व्होल्टेज द्यायचं.

गेल्यावर आधी जळालेली मोटर बघितली. वायंडिंगवाल्यानं अजून खोलून तशीच ठेवली होती हे नशीब. तिन्ही फेजची गुंडाळी सारखीच काळी. ही गोष्ट महत्त्वाची आहे. एखादा फेज गेला आणि मोटर दोन फेजवर चालत राहिली तर गुंडाळी अशी सारखी जळत नाही, डेल्टात असेल तर एका फेजची जळते आणि बाकी दोन बऱ्यापैकी शाबूत राहतात. इथं सगळं एकसारखं म्हणजे फ्यूज, काँटॅक्टरचा पॉइंट वगैरे संशय बाजूला. दुसरं म्हणजे रोटर, मोटरचा आतला फिरणारा भाग, निळसर पडला होता, लोखंड तापवून थंड केल्यावर जसा रंग येतो तसा. बेअरिंग ठीक. म्हणजे उष्णता रोटरमधून आलीय, आणि एकदा नाही, परत परत आलीय.

मग पॅनल. ओव्हरलोड रिलेचं, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या रिलेचं, सेटिंग बघून हसावं की रडावं कळेना, मोटरचा फुल लोड करंट २१ अँपियरच्या आसपास आणि रिले पार वरच्या टोकाला नेऊन ठेवलेला. इलेक्ट्रिशियनला विचारलं तर म्हणाला, "साहेब, नाहीतर चालू होतानाच ट्रिप मारतंय, काय करू?" त्याचं पण चुकीचं नाही, प्रॉडक्शनवाले डोक्यावर बसलेले असतात. पण ओरडणाऱ्याचंच तोंड बांधून ठेवल्यावर आग लागलेली कळणार कशी.

हायड्रोवर काम करणारे मामा तिथं वीस वर्षांपासून आहेत. त्यांनी सहज बोलता बोलता सांगितलं की पूर्वी मोटरच्या पुलीत "ते लायनरवालं" होतं. तिथं माझी ट्यूब पेटली. मशीन आलं तेव्हा मोटरवर सेंट्रीफ्यूगल क्लच होता. मोटर आधी मोकळी पळते, मग क्लचचे बूट फाकतात आणि घसरत घसरत ड्रमला ओढतात. लायनर झिजले, कुणीतरी फिटरनं "कशाला कटकट" म्हणून साधी पुली बसवून दिली. त्या वेळी तासाला दोन बॅच निघायच्या म्हणून निभावलं. यंदा ऑर्डर वाढली आणि तासाला सहा बॅच काढायला लागले, त्यात सोलापूरचा मे, शेडमध्ये पारा ४३ च्या वर, आणि मोटर पडायला लागल्या.

आता खरा मुद्दा. हे गणित मी मालकांना कागदावर करून दाखवलं, इथं पण देतो कारण ह्याच्याशिवाय पुढची तुलना कळणार नाही.

ड्रम आणि ओला माल मिळून जडत्व, इनर्शिया, मी अंदाजे ९० किलो-मीटर-वर्ग धरलं (ड्रमचं वजन, त्रिज्या, १५० किलो ओला माल असं धरून). ८०० आरपीएमला ह्या फिरत्या वस्तुमानात ऊर्जा किती? तर साधारण ३ लाख १५ हजार ज्यूल. आता इंडक्शन मोटरचा एक नियम आहे, पुस्तकात असतो पण कुणी लक्षात ठेवत नाही. सप्लाय ५० हर्ट्झचा थेट दिला की स्टेटरमधलं, म्हणजे मोटरच्या स्थिर भागातलं, फिरतं चुंबकीय फील्ड पहिल्याच क्षणी १५०० आरपीएमला पळायला लागतं आणि रोटर जागेवरच असतो. ह्या दोघांतला जो फरक, स्लिप, तो सगळा रोटरच्या बारमध्ये उष्णता होऊन जातो. हिशोब केला तर निघतं असं की शून्यापासून पूर्ण स्पीडला जाईपर्यंत ड्रमला जेवढी ऊर्जा मिळाली, तेवढीच, अगदी तेवढीच, रोटरमध्ये उष्णता झाली. घर्षण असेल तर वर आणखी थोडी. स्टेटरच्या तांब्यातली वेगळी.

३ लाख १५ हजार ज्यूल म्हणजे किती ते चहावरून सांगतो. एक लिटर पाणी २५ डिग्रीवरून उकळीला आणायला जवळपास एवढीच उष्णता लागते. म्हणजे हायड्रो एकदा चालू केला की रोटरच्या आत एक लिटरचं आधण ठेवल्यासारखं. तासाला सहा आधणं. आणि रोटर काय पातेलं नाही, त्याची उष्णता बाहेर जायला वाटच कमी.

आता ह्यातलं महत्त्वाचं वाक्य: ही उष्णता स्टार्टर कुठला आहे ह्यावर अवलंबून नाही. डीओएल (मोटर थेट लाइनवर टाकणं) असो, स्टार-डेल्टा असो, सॉफ्ट स्टार्टर असो, जोपर्यंत फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच आहे तोपर्यंत रोटरचं बिल तेवढंच येणार. व्होल्टेज कमी केलं की करंट कमी, पण टॉर्कही (फिरवायचा जोर) कमी, म्हणून वेळ जास्त, गोळाबेरीज तीच. मंद आचेवर दूध तापवलं म्हणून उष्णता कमी लागत नाही ना, तसंच.

स्टार-डेल्टाचं इथं काय होत होतं ते टाँग टेस्टर (करंट मोजायचं चिमट्यासारखं मीटर) आणि घड्याळ घेऊन बघितलं. स्टारमध्ये लाइन करंट आणि टॉर्क दोन्ही डीओएलच्या एक तृतीयांश. डीओएलला ह्या मोटरचा टॉर्क रेटेडच्या दुपटीच्या आसपास धरला तर स्टारमध्ये रेटेडच्या साठ-सत्तर टक्के उरतो, एवढ्यावर हा ड्रम पूर्ण स्पीडला यायला दीड मिनिट लागेल. आणि टायमर किती होता? १२ सेकंद. म्हणजे १२ सेकंदांत मोटर कशीबशी दोनशे आरपीएमला पोचते, तेवढ्यात काँटॅक्टर धाडकन डेल्टात, आणि तिथून पुढचं सगळं चढणं जवळजवळ डीओएलच. बेल्ट किंचाळायचा, शेडमधली ट्यूबलाइट मंद व्हायची, मामा म्हणायचे "उठली बघा म्हातारी". स्टार-डेल्टा लावल्याचं फक्त समाधान. असे टायमर ८-१० सेकंदावर ठेवलेले स्टार्टर मी गावभर बघितलेत, लोड काय आहे ते न बघता.

सॉफ्ट स्टार्टरबद्दल मालकांचा फार भरवसा होता, कारण शेजारच्या युनिटात बोअरच्या पंपाला लावलाय आणि झकास चालतोय. पंपाला चालतोच. पंपाला सुरुवातीला टॉर्क फारसा लागत नाही आणि जडत्व नगण्य, दोन सेकंदांत काम संपलं. सॉफ्ट स्टार्टर म्हणजे थायरिस्टरनं व्होल्टेज कापायचं, आणि इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, अर्धं व्होल्टेज म्हणजे पाव टॉर्क. बेल्टला आराम, लाइनला आराम, ट्रान्सफॉर्मरला आराम, पण आमच्या रोटरला काही नाही, उलट ५०-६० सेकंद थायरिस्टर पण तापणार म्हणून तो सुद्धा एक-दोन साइझ मोठा घ्यावा लागला असता. मी स्पष्ट सांगितलं, हा लावला तर चौथी मोटर जळणार, फक्त आवाज न करता जळणार.

क्लच परत बसवायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय होता आणि तो मी मनापासून सुचवला. क्लचनं उष्णता कमी होत नाही, पण ती क्लचच्या लायनरमध्ये होते, मोटरच्या पोटात नाही, आणि मोटर दोन-तीन सेकंदांत स्पीड पकडून निवांत होते. ज्यांचं बजेट तंग आहे त्यांनी हेच करावं. जुन्या मोठ्या हायड्रोंवर दोन-स्पीडच्या मोटरी पण यायच्या, आधी ८ पोलवर चढवायचं मग ४ पोलवर, अशा दोन टप्प्यांत गेलं तर रोटरची उष्णता निम्मी होते, जुन्या लोकांचं डोकं भारीच होतं. पण इथं मालकांची दुसरी पण डोकेदुखी होती, ब्रेक. ड्रम थांबवायला पट्ट्याचा ब्रेक, मामा पायानं दाबून धरायचे, लायनर सारखे बदलायला लागायचे, आणि घाईत ड्रम फिरत असतानाच झाकण उघडायची सवय. हे शेवटचं ऐकून मी ड्राइव्हच्या बाजूला झुकलो.

व्हीएफडीमध्ये फरक हा की फील्ड स्वतःच हळूहळू पळायला लागतं. शून्य, ५, १० हर्ट्झ, रोटर त्याच्या मागं मागं, स्लिप कायम थोडीच. ह्याच ड्रमचा हिशोब केला तर स्लिप पूर्ण वेळ ६० आरपीएम धरून रोटरची उष्णता येते साधारण २५ हजार ज्यूल. ३ लाख १५ हजाराच्या जागी २५ हजार. एक लिटर आधणाच्या जागी अर्धा कप चहा पण नाही. बाकी कुठलाही फायदा नसता तरी ह्या एका आकड्यासाठी ड्राइव्ह लावावा अशी ही जागा.

मग प्रश्न आला, ड्राइव्हमध्ये कंट्रोल कुठला. कोटेशनवाल्यानं सरसकट व्हेक्टर लिहिलं होतं आणि ते महाग वाटावं असंच लिहिलेलं असतं, खरं म्हणजे आजकाल बहुतेक ड्राइव्हमध्ये व्ही बाय एफ आणि सेन्सरलेस व्हेक्टर दोन्ही असतातच, पॅरामीटर बदलला की झालं.

व्ही बाय एफ म्हणजे साधा सरळ नियम, ४१५ व्होल्ट ५० हर्ट्झला, म्हणजे दर हर्ट्झला ८.३ व्होल्ट, हे प्रमाण राखत चढायचं म्हणजे मोटरमधलं फ्लक्स टिकून राहतं. गोची खालच्या फ्रिक्वेन्सीला, ३-४ हर्ट्झला द्यायचं व्होल्टेजच इतकं कमी की त्यातलं बरंच स्टेटरच्या रेझिस्टन्समध्येच खर्च होतं, म्हणून थोडा बूस्ट द्यावा लागतो. जास्त दिला की मोटर उगाच तापते, कमी दिला की उठत नाही. व्हेक्टरमध्ये ड्राइव्ह करंटचे दोन भाग करतो, एक फ्लक्स बनवणारा आणि एक टॉर्क बनवणारा, आणि दोघांना वेगवेगळं हाकतो, जसं डीसी मोटरमध्ये फील्ड आणि आर्मेचर वेगळे असायचे. ही कल्पना जर्मनीत १९७० च्या आसपास ब्लाश्के वगैरे लोकांनी मांडली, पण तेव्हा हे गणित पटापट करणारा प्रोसेसर कुठं होता. डीटीसी म्हणजे डायरेक्ट टॉर्क कंट्रोल त्याच्या नंतरचा, जपानमध्ये ताकाहाशी आणि नोगुची ह्यांचा पेपर १९८६ चा, आणि एबीबीनं १९९५ च्या सुमाराला तो ड्राइव्हमध्ये बाजारात आणला. त्यात फ्लक्स आणि टॉर्क दोन्हीचा अंदाज घेऊन थेट स्विचिंग ठरतं, टॉर्कला प्रतिसाद काही मिलिसेकंदांत.

ऐकायला झकास, पण हायड्रोला मिलिसेकंद कशाला हवेत? हा बाबा दीड मिनिट घेऊन उठणार, स्पीड दहा आरपीएम इकडं तिकडं झाला तरी टॉवेलला काय फरक पडतो. तरी मी दोन्ही करून बघितलं, उगाच वाद नको. व्हेक्टरसाठी ऑटोट्यून, म्हणजे ड्राइव्हनं मोटर स्वतः मोजून घेणं, करावं लागतं, आणि मोटर फिरवून करायचं असेल तर बेल्ट काढून मोटर मोकळी करावी लागते. इथं ते आणखीच गरजेचं कारण मोटर रिवाइंड केलेली, नेमप्लेटवर जे लिहिलंय ते आत आहे ह्याची खात्री कोण देणार. बेल्ट काढले, ट्यून केलं, चालवलं. सुरुवातीच्या ५-६ हर्ट्झला करंट थोडा कमी दिसला, बाकी वेळ तोच, पिळणं तेच. शेवटी व्ही बाय एफवर ठेवलं, कारण उद्या मोटर बदलली, परत रिवाइंड झाली, तर रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन ऑटोट्यून करत बसणार नाही, आणि चुकीच्या ट्यूनवरचा व्हेक्टर हा साध्या व्ही बाय एफपेक्षा वाईट वागतो.

व्हेक्टर कुठं पाहिजेच, तर सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावून ते बीमवर गुंडाळतात तिथं. बीमवर सूत गुंडाळताना बीमचा व्यास वाढत जातो, ताण तोच ठेवायचा तर टॉर्क व्यासाच्या प्रमाणात वाढवत न्यायला लागतो आणि स्पीड कमी करत आणायला लागतो. तिथं व्ही बाय एफ लावून लोकांनी सुताचे तुकडे केलेत. तिथं पैसे घालावेत, हायड्रोत नाही.

ड्राइव्ह ११ च्या जागी १५ किलोवॅटचा घेतला. बरेच ड्राइव्ह ४० डिग्रीपर्यंत पूर्ण करंट देतात, त्याच्या वर कमी धरावा लागतो, आणि सोलापुरात बंद पॅनलच्या आत मे महिन्यात किती होतं ते सांगायला नको. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आत असल्यानं उंचीची कपात मात्र नाही, तेवढंच नशीब. पॅनल हायड्रोच्या शेडमधून काढून शेजारच्या खोलीत नेलं, वाफ आणि उडणारी रुई दोन्हीपासून लांब, ड्राइव्हच्या फॅनमध्ये रुई बसली की दोन महिन्यांत ओव्हरटेम्परेचर सुरू. त्यामुळं केबल ४५ मीटर झाली म्हणून ड्राइव्हच्या आउटपुटला चोक टाकला, कारण लांब केबलवर ड्राइव्हचे उभे पल्स मोटरच्या टोकाला आदळून परततात आणि व्होल्टेजचे काटे नेहमीच्या व्होल्टेजपेक्षा बरेच वर जातात, स्थानिक रिवाइंडिंगच्या इनॅमलला ते झेपेलच असं नाही.

चढण ९० सेकंद ठेवली. त्याआधी ८ हर्ट्झला २० सेकंद थांबा दिला. ही आयडिया मामांची म्हटलं तरी चालेल, त्यांचं म्हणणं माल आधी "बसला" पाहिजे. हळू फिरताना टॉवेल ड्रमच्या कडेला सारखे पसरतात, वरवरचं पाणी निघून जातं, आणि मग वर जाताना ड्रम हेलकावे कमी घेतो. चढताना करंट १७-१८ अँपियरच्या वर जात नाही, म्हणजे फुल लोडच्या पण आत. ट्यूबलाइट मंद होत नाही.

आता जिथं माझी फजिती झाली ते. थांबवणं. फिरता ड्रम थांबवायचा म्हणजे ती ३ लाख ज्यूल कुठंतरी जायला पाहिजेत. ड्राइव्हनं फ्रिक्वेन्सी खाली आणली की मोटर जनरेटर होते आणि ऊर्जा डीसी बसमध्ये, ड्राइव्हच्या आतल्या डीसी भागात, उलटी येते. बस एरवी ५८७ व्होल्टच्या आसपास, ती चढत चढत ८०० कडं गेली की ओव्हरव्होल्टेज ट्रिप. हे माहीत होतं म्हणून ही ऊर्जा उष्णतेत घालवणारा ब्रेकिंग रेझिस्टर मागवला होता, पण पुरवठादारानं "ह्या ड्राइव्हला हाच येतो" म्हणून ३०० वॅटचा दिला आणि मी घाईत तपासलं नाही, चूक माझीच. थांबायची वेळ पण मी हौसेनं ३० सेकंद ठेवलेली. दुसऱ्या बॅचला रेझिस्टर लालभडक, तिसऱ्याला वास आणि आतली तार तुटली, लगेच ड्राइव्ह ट्रिप, ड्रम मोकळा फिरतोय, मामा माझ्याकडं बघताहेत.

घरी येऊन नीट हिशोब केला जो आधी करायला पाहिजे होता. ६० सेकंदांत थांबवलं तर सरासरी ५ किलोवॅट, सुरुवातीला त्याच्या दुप्पट. ५० ओहमचा रेझिस्टर बस ७५० व्होल्टला असताना ११ किलोवॅट घेऊ शकतो, ड्राइव्हच्या मॅन्युअलमधल्या किमान ओहमपेक्षा जास्त आहे, ठीक. दहा मिनिटांच्या सायकलवर सरासरी पाडली तर अर्धा किलोवॅट, म्हणून दीड किलोवॅटचा घेतला, भिंतीच्या बाहेर जाळीत बसवला. तेव्हापासून गप्प आहे. नुसता रॅम्प लांबवून रेझिस्टरशिवाय पण चालतं, पण मग ड्रम थांबायला चारेक मिनिटं लागतात आणि तासाला सहा बॅच निघत नाहीत.

पट्ट्याचा ब्रेक काढू दिला नाही. लाईट गेली तर रेझिस्टरवर भरवसा ठेवता येत नाही, ड्रम आपल्या मर्जीनं फिरत राहतो. झाकणाला लॉक लावला, तो ड्राइव्ह थांबल्याचा सिग्नल बघून नाही, तर ड्रमवरच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरला ठराविक वेळ एकही पल्स आला नाही तरच उघडतो. मामांना हे आवडलेलं नाही. दोन दिवस शिव्या खाल्ल्या मी.

वीज बिलाबद्दल मालकांनी लगेच विचारलं. कोटेशनमध्ये प्रत्येक मोटरला तीस टक्के बचत लिहिलेली होती. हायड्रोत बचत होते ती चढतानाच्या उष्णतेची, दर बॅचला ३ लाख ज्यूल म्हणजे ०.०८ युनिट, हिशोब करा, चहाचे पण पैसे निघत नाहीत. स्टेटरची धरून दुप्पट करा हवं तर. बचत पाहिजे तर बॉयलरच्या आयडी फॅनला (धूर ओढणारा पंखा) ड्राइव्ह लावा म्हटलं, तिथं डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, अर्धा बंद करून हवा अडवताय, फॅनची पॉवर स्पीडच्या घनाच्या प्रमाणात पडते, ४० हर्ट्झला चालवला तर निम्म्यावर येते. बोअरच्या पंपाला हे गणित लागू होत नाही, तिथं पाणी खोलातून उचलायचंच आहे, स्पीड कमी केला तर एका मर्यादेखाली पाणीच येत नाही. शिवाय ड्राइव्ह वाढले की पाचवी-सातवी हार्मोनिक (लाइनमध्ये ५० हर्ट्झच्या पाच-सात पट फ्रिक्वेन्सीचा करंट) वाढते, कपॅसिटर पॅनलला साधे कपॅसिटर असतील तर ते फुगतात, आणि एप्रिल २०२० पासून बिल केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर धरून, असल्यानं कपॅसिटर गेला की लगेच खिशाला कळतं. त्यामुळं आधी कपॅसिटरला सात टक्के रिॲक्टर (हार्मोनिक अडवणारा चोक), मग पुढचे ड्राइव्ह.

ओव्हरलोड आता ड्राइव्हमध्येच, २१ अँपियरला सेट, आणि मोटरच्या गुंडाळीत रिवाइंड करतानाच थर्मिस्टर (तापमान ओळखणारे सेन्सर) टाकून घेतलेत, ते ड्राइव्हला जोडलेत. पावसाळा गेला, दिवाळीची ऑर्डर गेली, मोटर तीच आहे.

त्याच शेडमध्ये २४ इंची छोटा हायड्रो आहे, सॅम्पलसाठी. त्याला अजून जुना डीओएल स्टार्टर आहे, कधी जळालेला नाही, मालक म्हणाले ह्याला पण ड्राइव्ह टाकू का. म्हटलं राहू द्या. त्याचा ड्रम एवढासा, दोन सेकंदांत उठतो, दिवसातून चारदा चालतो. मामा त्याच्यावर डबा ठेवून जेवतात.